रखमाकाकींचं कॅरमचं बोट

लालबागच्या नानजी चाळीतल्या रखमाकाकी घाडीगावकरांना चारचौघींसारखीच दहा बोटं. त्यातली नऊ संसाराची. त्यांनी नारळ खवले, गोधड्या शिवल्या, मुलाच्या पाठीत वेळोवेळी धपाटे घातले, आणि तो पनवेलला फ्लॅट घेऊन निघाला तेव्हा त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला. दहावं बोट, म्हणजे उजव्या हाताची तर्जनी, मात्र कॅरमचं. घरकामाला तेही लागायचं, पण एखाद्या साहेबाला रेशनच्या रांगेत उभं करावं तसं, जरा अवघडून.

हे वेड त्यांना गिरण्यांच्या संपात लागलं. काकी तेव्हा नव्या नवरी. सासरे आणि दोन दीर गिरणीत. संप झाला आणि तिघेही धडधाकट पुरुष दिवसभर एका खोलीत येऊन बसले. बोलण्यासारखं होतं ते बोलून संपलं, भांडण्यासारखं होतं तेही संपलं. मग सासऱ्यांनी माळ्यावरून कॅरम बोर्ड काढला. डबल्सला चौथा गडी हवा, आणि काकींचे यजमान दौलत तर शिवडीला सुक्या मासळीच्या गोदामात कामावर. शेवटी सुनेलाच पदर सावरून बसवलं. "तू नुसती बस गो, काय मारायचा ता मी सांगतंय," असं सासरे म्हणाले. महिनाभराने सासऱ्यांनी सांगायचं बंद केलं. आणखी महिनाभराने सून त्यांना सांगायला लागली.

संप कधी मिटला ते आजही कुणाला धड सांगता येत नाही, पण काकींचा खेळ काही मिटला नाही. दर सव्वीस जानेवारीला चाळीत सत्यनारायणाची पूजा असते आणि त्यानिमित्त आसपासच्यांनाही खुल्या अशा कॅरम डबल्सच्या स्पर्धा. अलीकडे कितीतरी वर्षं जिंकणाऱ्यांची ढाल काकी आणि तिसऱ्या मजल्यावरचा अभय यांच्याकडेच होती. अभय फोर्टात एका वकिलाकडे नोकरीला, चाळिशीचा गृहस्थ. पण काकींना तो अजून अभ्याच, आणि काकींसमोर बसला की त्यालाही आपण फार तर सातवीत असल्यासारखं वाटे.

घात झाला तो मार्गशीर्ष लागायच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर घरात मासळी नाही, म्हणून लालबागच्या बाजारात त्या दिवशी कोळणी नुसत्या भुवयांनी भाव सांगत होत्या. काकींनी लढून बांगडे आणले आणि विळीवर कापायला बसल्या. शेवटचा बांगडा हातात होता, तेवढ्यात अभय गॅलरीतून धावत आला आणि दारातूनच ओरडला, "काकी, ऐकलंस काय? यंदा नायगावचे ते दोघं पण उतरणार! टॉवरात गेलेत ना, एसी लावून प्रॅक्टिस करतात म्हणे!"

काकींनी मान वर केली. विळीने केली नाही.

तर्जनीचा शेंडा गेला. नखाच्या पुढचा, सुपारीच्या खांडाएवढा. अभय काकींना टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथे डॉक्टर आकांक्षा नावाची तरुण मुलगी होती. तिने रक्त पुसलं, बोट उजेडाला धरलं आणि विचारलं, "तुकडा आणलाय का?"

अभयने घरी फोन लावला. दौलतकाका चष्मा चढवून परातीतच बघत होते. "अरे, कसा ओळखू?" पलीकडून त्यांचा रडवेला आवाज आला. "सगळा एकसारख्याच दिसता रे!"

"राहू द्या," डॉक्टर घाईघाईने म्हणाली. "एवढासा तुकडा तसाही धरेल असं नाही."

त्या दिवशी नानजी चाळीच्या मांजरांनी बांगड्यांची मेजवानी झोडली. घरातल्या कुणाच्या घशाखाली ते उतरणं शक्यच नव्हतं. महिन्याचे शेवटचे बांगडे गेले, याचं दुःख काकींना पहिल्या दिवशी बोटापेक्षा जास्त झालं.

डॉक्टरने दोन मार्ग सांगितले. पहिला सरळ. हाडाचं टोक किंचित कापायचं, बाजूची कातडी ओढून वर शिवायची. दोन-तीन आठवड्यांत मोकळ्या. फक्त बोट थोडं आखूड होईल.

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे काहीच करायचं नाही. हा पारदर्शक पापुद्रा चिकटवून बोट बंद करायचं आणि वाट बघायची. नखाचं मूळ शाबूत आहे, हाडही वाचलंय. पालीची शेपटी परत येते ना, तसं आपलं काही येत नाही. पण बोटाचा अगदी शेंडा, नखाच्या मुळाच्या पुढचा, तेवढा येऊ शकतो. नखाच्या मुळाशी तशा पेशी असतात. लहान मुलांचं तर छानच येतं. तुमच्या वयात किती येईल, आत्ता सांगत नाही."

"येतं म्हणजे? आपोआप?"

"आधी रक्त गोठून दार लागतं. मग सफाईवाल्या पेशी येतात, जंतू आणि मेलेलं उचलून नेतात. मग बांधकामवाल्या येतात, त्या खड्डा भरतात, नव्या रक्तवाहिन्या टाकतात. आणि शेवटी कडेची कातडी त्याच्यावरून सरपटत सरपटत मध्यावर येऊन भेटते."

"म्हणजे रिडेव्हलपमेंट," अभय म्हणाला.

"हो. फक्त बिल्डर मधेच पळून जात नाही," डॉक्टर म्हणाली आणि काकींकडे वळली. "आजी, तुम्ही काय काम करता?"

"कॅरम," काकी म्हणाल्या.

डॉक्टरने कागदावर 'गृहिणी' लिहिलं होतं. तिने क्षणभर त्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. काकींनी आपल्या उरलेल्या तर्जनीकडे पाहिलं. आखूड बोटाचा स्ट्रायकरशी नेम जुळेल की नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "वाट बघू," त्या म्हणाल्या. "वाट बघायची मला सवय आहे. आम्ही अजून संप मिटायची बघतोय."

"एकच सांगते," डॉक्टरने बजावलं. "याला वास येईल. घाणेरडा येईल. म्हणजे बिघडलं असं नाही. ताप आला, लाली वर चढली, ठणका लागला तर धावत या. नुसता वास आला तर नाक धरा, पण पापुद्रा उघडू नका. आठवड्याने मी बदलेन."

वास येईल, हे डॉक्टरने सांगितलं. केवढा येईल, हे सांगितलं नाही. पहिले काही दिवस ठीक गेले. मग पापुद्र्याखाली पिवळट, तपकिरी रस साचला आणि आपल्या अस्तित्वाची जाणीव करून देऊ लागला. दौलतकाकांनी आधी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माझा आख्खा आयुष्य सुक्या माशांत गेला, माका काय वास सांगतंस?" तिसऱ्या रात्री त्यांनी आपली वळकटी उचलली आणि गॅलरीत टाकली. थंडी चांगली पडलीय, अशा वेळी मोकळ्या हवेत झोपलेलं बरं, असं कारणही दिलं.

खरा घोटाळा झाला तो चाळीत. महिना मार्गशीर्षाचा. खोलीखोलीत गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडलेला, उदबत्त्या लागलेल्या. आणि एका घरातून खारवलेल्या बोंबलासारखा वास! शेजारच्या कालिंदीबाई फार मवाळ बाई. त्या कुणाला तोंडावर काही बोलत नसत. त्यांनी फक्त दारात उभं राहून दोनदा श्वास घेतला आणि विचारलं, "काय हो रखमावहिनी, आज काय केलंत जेवायला?"

"मुगाची उसळ."

"हो का? मुगाचीच?"

"मुगाचीच."

"नाही, काही काही मूग असतात म्हणा तसे," कालिंदीबाई म्हणाल्या आणि आपला घट बघायला गेल्या.

काकींनी बोट दाखवलं, डॉक्टरने काय सांगितलं ते समजावलं. पण संशय अशा सांगण्याने जात नाही. उलट, बाई बोटावर ढकलतेय, असं जिन्यात बोललं गेलं. एवढी वर्षं गळ्यात माळ नसतानाही मार्गशीर्ष कडक पाळणाऱ्या काकींना हे लागलं. त्यात कालिंदीबाईंकडे शेवटच्या गुरुवारी उद्यापनाचं हळदीकुंकू, आणि त्यांनी आमंत्रण देताना म्हटलं, "या हं. बोट दुखत असेल तर नाही आलात तरी चालेल."

आता हळदीकुंकवाला नको असलेली बाई, असं काकींच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्या गुरुवारी दुपारी दौलतकाका दूध आणायला गेले आणि काकी मोरीत शिरल्या. पापुद्रा ओढून काढला. बोट साबणाने स्वच्छ धुतलं. आत काहीतरी लालसर, ओलसर, कोवळं होतं. ओलं म्हणजे सडणारं, कोरडं म्हणजे बरं होणारं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. आणि कोरडं करायचं म्हटल्यावर कॅरमवाल्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? बोर्ड दमट झाला, पावडर. स्ट्रायकर अडला, पावडर. दिराच्या पायाला चिखल्या झाल्या तेव्हा सासऱ्यांनी तीच भुरभुरली होती आणि दीर बरा झाला होता. काकींनी फळीवरचा बोरिक पावडरचा डबा उचलला आणि बोटावर सढळ हाताने शिंपडली. चांगली गुळगुळीत बसली. वर पातळ फडकं गुंडाळलं आणि ठेवणीतली साडी नेसून हळदीकुंकवाला गेल्या. वास पार गेला होता. कालिंदीबाईंनी स्वतः ओटी भरली, दोनदा श्वास घेतला आणि मनापासून हसल्या.

दोन दिवसांनी बोटावर टणक, काळपट खपली बसली. काकी खूश. मग खपली आवळू लागली, कडेला चिरली आणि बोट रडवू लागलं. काकी अभयला घेऊन मुकाट्याने परळला गेल्या. डॉक्टरने फडकं सोडलं आणि बोट पुन्हा उजेडाला धरलं.

"ह्याने काही सांगितलं नाही हं," काकींनी अभयकडे बोट दाखवून आधीच कबूल केलं, तेही डाव्या हाताचं. "माझंच डोकं. पावडर लावली."

"कुठली?"

"बोरिक. कॅरमची."

"माझे आजोबापण लावायचे," डॉक्टर म्हणाली. तिने कोमट सलाईनने खपली भिजवत ठेवली आणि बोलत राहिली. "आजी, कातडीच्या पेशींना पाय नसतात. त्या ओल्यावरूनच सरपटतात. वाळवंट केलं की त्यांना खपलीच्या खालून बोगदा खणत जावं लागतं. त्यात वेळ जातो. आणि ते घाण पाणी होतं ना, त्याच्यातूनच एकमेकींना निरोप जातात, इकडे या, इथे वाढा. तुम्ही निरोप्यालाच आंघोळ घालून घालवून दिलंत."

काकींचा चेहरा उतरला. "म्हणजे आता येणार नाही?"

"येईल. मधे चांगलं भरलंय, ते वाचलंय. पण अंगठ्याकडची बाजू वाळलीय. तिथे व्रण राहील. आपल्या कातडीला सगळ्यात आधी घाई असते ती दार बंद करायची. जंतू शिरायच्या आत. मग ती जे हाताला लागेल ते धागे एकाच दिशेने ओढते आणि बुजवते. त्यात घामाची छिद्रं नसतात, बोटाच्या रेषा नसतात."

"ठिगळ."

"ठिगळच. आईच्या पोटात असताना बाळाला जखम झाली तर कितीदा तरी व्रणसुद्धा राहत नाही. जशी होती तशी कातडी परत येते."

"त्याला कसली घाई?" काकी म्हणाल्या. "त्याला थोडंच कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं असतं."

डॉक्टर हसली आणि तिने नवा पापुद्रा चिकटवला. काकींनी विचारलं, "मग सव्वीस जानेवारीला खेळता येईल?"

"बोट बंद झालेलं असेल. मारताना कसं लागेल ते मात्र तुम्हीच मला सांगा. मला कॅरममधलं काही कळत नाही."

वास पुन्हा आला. पण आता काकींनी दार बंद करून घेतलं नाही. कालिंदीबाई दारात दिसल्या की त्याच हाक मारायच्या, "या, बघून जा, किती आलंय." कालिंदीबाई पहिल्यांदा पदर नाकाला लावून आल्या. मग त्यांनाही गोडी लागली. पापुद्र्याच्या आत दिवसागणिक लाल गादी वर चढत होती, कडेची फिकी कातडी पुढे सरकत होती. मार्गशीर्ष संपला. बाजारात बांगडे परत आले आणि ते आता दौलतकाका कापू लागले, विळीपासून दोन हात लांब मान धरून. मग एक दिवस पापुद्र्याखाली पाणीच दिसेना आणि वासही नाही. "अगोबाई," कालिंदीबाई हळहळल्या, "संपलं वाटतं."

पापुद्रा निघाला. बोट आलं होतं. पहिल्याइतकं टोकदार नाही, पण लांबीला पुरेसं, गुलाबी, फुलक्याच्या वरच्या पापुद्र्यासारखं नाजूक. मधे अगदी बारीक रेषासुद्धा उमटल्या होत्या. अंगठ्याकडच्या अंगाला मात्र चकचकीत, सपाट, कडक पट्टा होता.

"काकी, नाव देऊ की नको?" अभयने विचारलं. त्याने ते इतक्या हळू विचारलं की काकींना हवं तर ऐकूच आलं नाही असं दाखवता यावं.

"दे."

म्हटलं खरं, पण आत धाकधूक होती. दुपारी चाळीच्या मंडळाच्या खोलीत कुणी नसतं. काकी तिथे गेल्या, बोर्ड पुसला, स्ट्रायकर लावला आणि मारला. कोपरापर्यंत वीज गेली. नव्या कातडीला सगळंच नवं. स्ट्रायकर प्लास्टिकचा आहे की निखाऱ्याचा, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. आणि स्ट्रायकर सोंगटीला सोडून भलतीकडेच गेला. पुन्हा मारला. पुन्हा तसाच. मधल्या बोटाने मारून पाहिला. पण ते बोट संसारी, त्याला कॅरममधलं बोलणंच कळेना. काकी बोर्डाच्या कडेवर हात ठेवून बसून राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. ते बोट दुखल्याचं आहे, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं.

दारात दौलतकाका उभे होते. ते आत आले आणि समोरच्या बाजूला बसले. संपात सगळं घर कॅरम शिकलं, फक्त तेच गोदामात होते. त्यामुळे जन्मात कधी त्या बाजूला बसले नव्हते. "मी नुसतो बसतंय," ते म्हणाले. "स्ट्रायकर परत देऊक."

काकी मारत राहिल्या, काका उचलून देत राहिले. दुसऱ्या दुपारी, तिसऱ्या दुपारी. नंतर एकदा काका म्हणाले, "माका काय कळत नाय. पण दर खेपेक डावीकडेच जाता गो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असा नाय. डावीकडेच."

"तो पट्टा ढकलतो त्याला," काकी म्हणाल्या.

"मग तू केसभर उजवीकडे बघ."

काकींनी उजवीकडे बघितलं आणि मारला. सोंगटी गेली नाही, पण पॉकेटच्या तोंडाशी जाऊन विचार करत थांबली.

सव्वीस जानेवारीला पूजा झाली, प्रसाद झाला, खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. काकी आणि अभय फायनलपर्यंत आले. समोर नायगावचे ते दोघे, गौतम आणि सुशांत. दोघेही गुणी पोरं. खेळ सुरू व्हायच्या आधी उठून काकींच्या पाया पडले. समोरचा भिडू पाया पडला की त्याला हरवणं किती अवघड जातं, हे ज्याला माहीत तोच जाणे.

शेवटच्या बोर्डाला कोण कुणाला पाणी पाजेल सांगता येऊ नये, अशी स्थिती आली. अभयने क्वीन घेतली आणि कव्हर, म्हणजे तिच्यामागून लगेच आपली एक सोंगटी घेणं, बाकी राहिलं. त्याचा पुढचा स्ट्रायकर चुकला, क्वीन परत बोर्डावर आली. फिरून पाळी काकींवर आली तेव्हा समोरच्यांचा धक्का लागून क्वीन अगदी पॉकेटजवळ आणि आपली एक सोंगटी पलीकडे. काकींनी क्वीन अलगद घेतली. मग कव्हरसाठी सोंगटीला बाजूने चाटून जाणारा कट मारला. सोंगटी सरळ गेली, पॉकेटच्या काठावर आली, तिने वाकून आत पाहिलं आणि ती तिथेच राहिली. अख्ख्या खोलीने एकदम श्वास सोडला. पुढच्या पाळीत सुशांतने बोर्ड संपवला. ढाल नायगावला गेली. कालिंदीबाईंनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, नेमक्या कुणासाठी ते त्यांना तरी माहीत होतं का, देव जाणे.

गर्दी पांगली. अभय काकींच्या शेजारी येऊन बसला. त्याला ढालीचं वाईट वाटत होतं, पण त्याहून दुसरीच काळजी होती. "काकी," तो म्हणाला, "लास्टला बोट दुखलं काय गं?"

काकी बोर्डाकडेच बघत होत्या. "कुठलं बोट?"

अभय त्यांच्याकडे बघत राहिला. दाराशी उभे असलेले दौलतकाकाही बघत राहिले. काकींच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी काठावरची ती सोंगटी उचलून पुन्हा मधे ठेवली, स्ट्रायकर लावला आणि म्हणाल्या, "कट मारायचाच नव्हता रे. रिबाऊंडचा चान्स होता सरळ. अक्कल गहाण ठेवली होती मी. बस समोर, दाखवते तुला."